'बनगरवाडी'तील माळ, मेंढरू आणि माणूस : परिसंस्थेच्या दृष्टीने एक पुनर्वाचन

सारांश

व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) ही मराठी ग्रामीण कादंबरीच्या इतिहासातील महत्त्वाची कलाकृती आहे. या कादंबरीत एक गाव हाच नायक आहे, असे मत मराठी समीक्षेने वेळोवेळी मांडले आहे. हे गाव ज्या परिसंस्थेवर उभे आहे, तिचा विचार मात्र 'पार्श्वभूमी', 'वातावरण' किंवा 'प्रादेशिकता' या संज्ञांच्या पलीकडे फारसा गेला नाही. प्रस्तुत लेखात माळ, मेंढरू आणि माणूस यांच्यातील परस्परावलंबन हे या कादंबरीच्या रचनेचे मूलतत्त्व असल्याचे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. दुष्काळात वाडी ओस पडते, हा कादंबरीचा शेवट मास्तराच्या स्थिर दृष्टीने पाहिल्यास अंत ठरतो. मेंढपाळाच्या दृष्टीने पाहिल्यास तो एका दीर्घ चक्रातील कठीण टप्पा ठरतो. या दोन दृष्टींमधील अंतर, तसेच 'उजाड माळ' या समीक्षेने रूढ केलेल्या शब्दप्रयोगाचे परिणाम यांची चर्चा येथे केली आहे.

बीजशब्द : परिसंस्था, माळरान, मेंढपाळ, स्थलांतर, माणदेश, ग्रामीण कादंबरी, पर्यावरणकेंद्री समीक्षा.

प्रस्तावना

साहित्यकृतीतील निसर्ग हा मराठी समीक्षेचा जुना विषय आहे. बालकवींच्या कवितेतील निसर्ग, दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'मधील निसर्ग, मारुती चितमपल्लींच्या लेखनातील अरण्य यांवर विपुल लेखन झाले आहे. या लेखनाचा भर बहुधा सौंदर्य, प्रतिमा आणि आत्मीयता यांवर राहिला. माणूस निसर्गाकडे कसा पाहतो, हा प्रश्न त्यात वारंवार विचारला गेला. माणूस निसर्गावर कसा जगतो, हा प्रश्न तुलनेने कमी वेळा विचारला गेला. वस्तुतः दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे. अन्न, पाणी, वस्त्र, निवारा आणि आरोग्य यांपैकी कोणतीही गोष्ट माणूस एकट्याच्या बळावर निर्माण करू शकत नाही. माती, सूक्ष्मजीव, वनस्पती, कीटक आणि पशुपक्षी यांच्या अखंड व्यवहारातून त्या निर्माण होतात. हा व्यवहार जितका विविध आणि निरोगी, तितके मानवी जीवन सुरक्षित असते.

हे सत्य विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात विधान म्हणून भेटते. कादंबरीत ते माणसांच्या रोजच्या जगण्यातून, त्यांच्या अडचणींतून आणि निर्णयांतून भेटते. त्या दृष्टीने 'बनगरवाडी'चे पुनर्वाचन उपयुक्त ठरते. या कादंबरीत पर्यावरणाविषयी भाष्य नाही, उपदेश नाही. औंध संस्थानातील, धनगरांची वस्ती असलेल्या एका लहानशा वाडीत एक तरुण शिक्षक येतो, काही काळ राहतो आणि निघून जातो, एवढेच तिचे कथानक आहे. परंतु त्या कथानकातील जवळजवळ प्रत्येक घटनेच्या मुळाशी गवत, पाऊस आणि जनावर यांचा संबंध आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. 'बनगरवाडी'तील मानवी व्यवहार आणि माळरानाची परिसंस्था यांतील संबंध तपासणे.
२. कादंबरीतील दुष्काळ आणि स्थलांतर यांचा परिसंस्थेच्या दृष्टीने अर्थ लावणे.
३. निवेदकाच्या दृष्टिकोनाने या अर्थावर कोणत्या मर्यादा येतात, ते पाहणे.
४. माळरानाविषयीची समीक्षेची परिभाषा आणि तिचे सामाजिक परिणाम यांची चिकित्सा करणे.

अभ्यासाची चौकट

पाश्चात्त्य समीक्षेत विल्यम रुकर्ट यांनी १९७८ मध्ये 'इकोक्रिटिसिझम' ही संज्ञा वापरली आणि १९९० च्या दशकात या विचाराला स्वतंत्र समीक्षापद्धतीचे रूप आले. तथापि या पद्धतीच्या आरंभीच्या काळात अमेरिकेतील निर्मनुष्य अरण्याचे आकर्षण प्रभावी होते. भारतीय संदर्भात ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. येथे अरण्य, माळ, नदी आणि किनारा यांपैकी कोणतीही जागा माणसाविना नाही. माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांनी भारतीय समाजाचे विश्लेषण करताना आपल्या परिसरातील जैविक संसाधनांवर थेट अवलंबून असणाऱ्या जनसमूहांचा स्वतंत्र वर्ग कल्पिला. त्यांना 'परिसंस्थावासी' असे म्हणता येईल. बनगरवाडीतील धनगर आणि रामोशी हे या अर्थाने परिसंस्थावासी आहेत.

या चर्चेला २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या 'सहस्रक परिसंस्था मूल्यमापन' या अहवालाचाही आधार घेता येतो. ९५ देशांतील १,३६० तज्ज्ञांच्या सहभागातून हा अहवाल सिद्ध झाला. परिसंस्थेकडून माणसाला मिळणाऱ्या लाभांचे त्यात चार गट केले आहेत : अन्न-पाणी-धाग्यांसारखा प्रत्यक्ष पुरवठा, हवामान व पाण्याचे नियमन, मृदानिर्मितीसारखे आधारभूत कार्य आणि श्रद्धा-कला-परंपरा यांसारखे सांस्कृतिक लाभ. तपासलेल्या २४ लाभांपैकी १५ लाभ ऱ्हासाच्या मार्गावर असल्याचा निष्कर्ष या अहवालात नोंदविला आहे. साहित्यकृतीला असे कोष्टक लावणे हा येथील हेतू नाही. कारण कोष्टकात हे लाभ वेगवेगळ्या रकान्यांत बसतात, तर 'बनगरवाडी'त ते एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. कादंबरीचे वेगळेपण नेमके येथे आहे.

माळ : पार्श्वभूमी की जिवंत व्यवस्था?

माणदेश हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील प्रदेश आहे. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे सरकत माण, आटपाडी, सांगोला, जत या भागांत पोहोचेपर्यंत तो ५०० मिलिमीटरच्या आसपास उरतो आणि तोही बेभरवशाचा असतो. अशा प्रदेशात घनदाट अरण्य वाढत नाही. तेथे गवत वाढते आणि त्यात बोरी, बाभळी, हिवर यांसारखी विरळ झाडे असतात. ही अरण्याची बिघडलेली अवस्था नाही. कमी पावसाला, उथळ मुरमाड जमिनीला आणि चरणाऱ्या जनावरांना अनुरूप अशी ती स्वतंत्र परिसंस्था आहे. पवना, मारवेल, कुसळी यांसारखी गवते पावसाळ्यात झपाट्याने वाढतात, बी धरतात आणि उन्हाळ्यात वरून वाळून गेली तरी बहुवार्षिक गवतांची मुळे जिवंत राहतात. मुळांचे हे जाळे माती धरून ठेवते आणि पावसाचे पाणी जिरवते. माळढोक, धाविक, चंडोल, काळवीट, लांडगा, खोकड ही या व्यवस्थेतील सहवासी प्रजाती.

माडगूळकरांनी 'बनगरवाडी'त माळाचे असे शास्त्रीय वर्णन केलेले नाही. ते मास्तराच्या तोंडी शोभलेही नसते. पण माळाची रीत त्यांनी कादंबरीच्या बांधणीत उतरविली आहे. मास्तर वाडीकडे पायी येतो, तेव्हा गाव आणि रान यांच्यात ठळक सीमारेषा नाही. गावाला वेस नाही, तट नाही. राम देशमुख यांनी १९५८ मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादाला 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स' हे शीर्षक दिले गेले, ते या दृष्टीने मार्मिक आहे. भिंती नाहीत याचा अर्थ केवळ मोकळेपणा असा नाही. गावाचे जगणे जिथवर मेंढरू चरते तिथवर पसरले आहे, असाही त्याचा अर्थ होतो.

याच कारणाने शाळा भरत नाही. मुले हुंदडतात म्हणून किंवा आईबापांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही म्हणून शाळा रिकामी असते, असा सोपा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. कादंबरीतले कारण अधिक साधे आणि अधिक गंभीर आहे : मुले मेंढरांमागे आहेत. लहान वयाच्या मुलाचा श्रमही या परिसंस्थेच्या व्यवहारात मोजला गेलेला आहे. शाळेची घंटा आणि मेंढरू चरायला नेण्याची वेळ यांच्यातला हा संघर्ष अज्ञान आणि ज्ञान यांच्यातील नाही. तो दोन प्रकारच्या कालगणनेमधील आहे. मास्तर हे हळूहळू ओळखतो आणि वाडीच्या कलाने घेऊ लागतो. त्याच्या स्वीकाराची खरी सुरुवात येथून होते.

मेंढरू : गवत आणि माणूस यांमधील दुवा

माणूस गवत पचवू शकत नाही. मेंढीच्या पोटातील सूक्ष्मजीव मात्र गवतातील तंतू विघटित करतात आणि त्यातून लोकर, दूध, मांस आणि खत निर्माण होते. माळावर माणसाची वस्ती शक्य झाली ती या जैविक दुव्यामुळे. जेथे विहिरीला पाणी नाही आणि ज्वारीचे पीक पावसाच्या लहरीवर आहे, तेथे मेंढरू हेच चालतेफिरते कोठार ठरते. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. तिची घोंगडी होते. ती घोंगडी ऊन, पाऊस, थंडी या तिन्हींत मेंढपाळाला पुरते. म्हणजे माळावरचे गवत एका अर्थाने मेंढपाळाच्या खांद्यावर असते.

'बनगरवाडी'तील माणसांची प्रतिष्ठा, त्यांचे भांडण-तंटे, लग्ने आणि देणीघेणी यांचा आधार हे मेंढरूच आहे. कारभाऱ्याचा अधिकार वंशपरंपरेचा आणि वयाचा असला तरी तो अखेर मेंढरे राखणाऱ्या घरांच्या एकोप्यावर टिकलेला आहे. रामोश्याचे स्थान या व्यवस्थेच्या कडेला आहे. आनंदा रामोशी याच्याकडे ना मेंढरांचा कळप आहे, ना पुरेशी जमीन. त्याचे चोरी करणे नैतिक दोष म्हणून रंगविण्याचा मोह माडगूळकरांनी टाळला आहे. परिसंस्थेचे लाभ समाजात समप्रमाणात वाटले जात नाहीत आणि ज्याच्या वाट्याला मधला दुवाच येत नाही, त्याला इतरांच्या वाट्यातून उचलावे लागते, एवढे त्या चित्रणातून स्पष्ट होते. परिसंस्थेची चर्चा करताना जात आणि मालकी यांचा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही, ही जाणीव या कादंबरीत आहे.

सांस्कृतिक लाभांचा विचारही येथे करावा लागेल. बिरोबा, खंडोबा, म्हसोबा या दैवतांचा आणि माळाचा संबंध गुंथर सोन्थायमर यांनी आपल्या संशोधनातून विस्ताराने मांडला आहे. सांगली जिल्ह्यातील आरेवाडीचे बिरोबाचे बन प्रसिद्ध आहे. उघड्या माळावर देवाच्या नावाने राखलेली झाडी हा श्रद्धेचा विषय आहे, तसाच तो सावलीचा, पाण्याचा आणि पाखरांचा आसराही आहे. देव, झाड आणि कळप यांची अशी गुंफण असलेल्या समाजाला 'निसर्ग' हा वेगळा शब्द वापरण्याची गरज पडत नाही. बनगरवाडीतील माणसे निसर्गाविषयी बोलत नाहीत, याचे कारण हेच असावे.

शेकूचे औत आणि गावाची तालीम

परस्परावलंबनाचे सर्वांत प्रत्ययकारी चित्र शेकूच्या प्रसंगात येते. औताला दोन बैल हवेत आणि एक नाही. वाफसा थांबत नाही. अशा वेळी शेकूची बायको बैलाच्या जागी स्वतःला जुंपून घेते. हा प्रसंग स्त्रीच्या कष्टाचे किंवा दारिद्र्याचे दर्शन म्हणून वाचला गेला आहे आणि ते वाचन योग्यच आहे. मात्र त्याला आणखी एक बाजू आहे. साखळीतील एक जीव कमी झाला, की त्याचे काम नाहीसे होत नाही. ते दुसऱ्या जिवाच्या अंगावर येऊन पडते. जैवविविधतेचा ऱ्हास म्हणजे नेमके काय, हे समजावून सांगण्यासाठी याहून बोलके उदाहरण मराठी कादंबरीत सहज सापडणार नाही. परागीभवन करणारे कीटक नाहीसे झाले, तर फळबागेत माणसाला हाताने परागीकरण करावे लागते. माती जिवंत ठेवणारे जीव नाहीसे झाले, तर खताची गोणी विकत आणावी लागते. कोणता तरी जीव जूं मानेवर घेतोच. प्रश्न एवढाच उरतो की तो कोण घेतो. शेकूच्या घरात ते बाईने घेतले, हेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

तालमीची उभारणी हा या कादंबरीतील सामूहिकतेचा उत्कर्षबिंदू मानला जातो. मास्तराच्या प्रेरणेने वाडी श्रमदानाने तालीम बांधते आणि औंधचे राजेसाहेब उद्घाटनाला येतात. व्यायाम आणि सूर्यनमस्कार यांचा पुरस्कार करणारे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांच्या संस्थानात १९३९ मध्ये आलेली स्वराज्याची घटना लक्षात घेता या प्रसंगाला ऐतिहासिक आधार आहे. वाडीने स्वतःच्या बळावर काहीतरी कायमचे उभे केले, असा आनंद वाचकालाही होतो.

पण हा आनंद कशावर उभा आहे, हे दुष्काळ दाखवून देतो. लोकांकडे श्रमदानाला वेळ होता, कारण रानात चारा होता. मनगटात जोर होता, कारण घरात धान्य आणि दूध होते. दुष्काळात तालमीची भिंत पडत नाही. तिच्यात येणारी माणसे नाहीशी होतात. इमारत उभी आणि गाव मोकळे, ही विसंगती माडगूळकरांनी कोणतेही भाष्य न करता समोर ठेवली आहे. शाळा, तालीम, पंचायत या संस्थांना आपण समाजाचा पाया समजतो. 'बनगरवाडी' हा क्रम उलटा करते. पायाला गवत आहे आणि संस्था त्यावर उभ्या आहेत.

दुष्काळ आणि दोन प्रस्थाने

कादंबरीच्या उत्तरार्धात कारभाऱ्याचा मृत्यू आणि पावसाचे दडी मारणे यांतून वाडीची वीण उसवत जाते. चारा संपतो, मेंढरे खंगतात, कुटुंबामागून कुटुंब वाडी सोडते. अखेरीस शाळा ओस पडते आणि मास्तरही निघतो. हा शेवट मराठी वाचकाच्या मनात दुष्काळाची शोकांतिका म्हणून रुजला आहे. या वाचनाला छेद देणारा एक मुद्दा येथे मांडावासा वाटतो.

कादंबरीच्या अखेरीस दोन प्रस्थाने आहेत. वाडीकर गवताच्या शोधात जातात. मास्तर वाडीत करण्यासारखे काही उरले नाही म्हणून जातो. मास्तराचा पगार बाहेरून येतो. त्याचे जगणे माळावरील पावसाशी थेट बांधलेले नाही. त्यामुळे त्याच्या लेखी गाव म्हणजे एक जागा : शाळा, चावडी, तालीम, घरे. ही जागा रिकामी झाली की गाव संपले. मेंढपाळाच्या लेखी गाव ही जागेइतकीच एक वाटही असते. दख्खनच्या पठारावरील धनगर पावसाळ्यात आपल्या माळावर असतात आणि दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन बाहेर पडतात. कोणी मावळात जातात, कोणी घाट उतरून कोकणात. कापणी झालेल्या भातखाचरांत मेंढरे बसविली जातात. मेंढरांना चारा मिळतो, खाचराला लेंडी-मुताचे खत मिळते आणि शेतकऱ्याकडून धनगराला धान्य मिळते. मृगाच्या आधी ते परत फिरतात. कारण कोकणातला पाऊस दख्खनी मेंढीला सोसत नाही, तिचे खूर सडतात.

या वाटेत परिसंस्थांच्या विविधतेचे खरे महत्त्व दिसते. कोरडा माळ एकटा मेंढपाळाला वर्षभर पोसू शकत नाही. ओले कोकणही पोसू शकत नाही. दोन्ही भिन्न आहेत आणि दोन्ही एकमेकांना जोडलेले आहेत, म्हणून तो जगतो. माळ त्या काळात विसावतो. गवताचे बी जमिनीवर पडते. पठार, घाट आणि किनारा यांतील एखादी कडी जरी बिघडली तरी त्याचा ताण दुसऱ्या टोकाला जाणवतो. एका परिसंस्थेचे आरोग्य दुसरीच्या भिन्नतेवर अवलंबून असते, हे तत्त्व मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या आचरणात आणले आहे. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी गवळी-धनगरांच्या परिस्थितिकीचा जो अभ्यास १९८० च्या दशकात प्रसिद्ध केला, त्यानेही जातिसमूह आणि परिसर यांच्यातील असे सूक्ष्म नाते अभ्यासकांसमोर आणले.

अर्थात येथे सावध राहणे अगत्याचे आहे. नेहमीचे स्थलांतर आणि दुष्काळातील परागंदा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात वाट ठरलेली असते, ओळखीचे शेतकरी असतात, परतण्याचा दिवस माहीत असतो. दुसऱ्यात मेंढरे वाटेत मरतात, म्हातारी माणसे मागे राहतात आणि परतण्याची खात्री नसते. 'बनगरवाडी'तील प्रस्थान दुसऱ्या प्रकारचे आहे. त्याला शहाणपणाचा उत्सव म्हणणे हे त्या माणसांच्या दुःखाशी प्रतारणा ठरेल. तरीही त्या कठीण घडीला त्यांच्याजवळ जो एक उपाय उरतो, तो त्यांना सरकारने किंवा शाळेने दिलेला नाही. चालत राहण्याचे ज्ञान त्यांच्याजवळ आधीपासून होते. दुष्काळाने वाडी मोडली, पण माणसे कोठेतरी गवत असेल या भरवशावर निघाली. हा भरवसा म्हणजेच विविध परिसंस्थांवरील विश्वास होय.

निवेदनाची मर्यादा

हा भरवसा पुढे खरा ठरला का, हे कादंबरी सांगत नाही. निवेदन प्रथमपुरुषी असून ते मास्तराच्या मुक्कामाशी बांधलेले आहे. तो वाडीत येतो तेव्हा कादंबरी सुरू होते, तो जातो तेव्हा संपते. परिणामी जे चक्र आहे ते वाचकाला रेषेसारखे दिसते. पुढच्या पावसात कोण परतले, कोणाची मेंढरे वाचली, तालमीत पुन्हा कोणी दंड काढले का, हे प्रश्न निवेदनाच्या बाहेर राहतात. ही लेखकाची त्रुटी म्हणता येत नाही. ती निवेदकाच्या निवडीतून आलेली अपरिहार्य मर्यादा आहे. समीक्षेने मात्र ही मर्यादा ओळखायला हवी होती. मास्तराचा शेवट तोच वाडीचा शेवट, असे समीकरण मांडल्यामुळे स्थिर वस्तीच्या नजरेलाच कादंबरीची नजर मानले गेले.

दुसरी मर्यादा वन्य जीवसृष्टीच्या चित्रणाची आहे. मेंढरू, बैल यांसारखे पाळीव पशू कादंबरीच्या केंद्रस्थानी आहेत; माळावरील वन्य जीवन तुलनेने मागे राहते. माडगूळकरांच्या पुढील लेखनात हे चित्र बदलते. 'सत्तांतर' या कादंबरीत वानरांच्या टोळीचे जीवन हाच विषय होतो आणि तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळतो. 'नागझिरा'मध्ये त्यांनी अरण्यातील वास्तव्याचा अनुभव लिहिला. समीक्षेत या लेखनाचा विचार 'वन्यजीवविषयक' अशा वेगळ्या कप्प्यात होतो आणि 'बनगरवाडी'चा 'ग्रामीण' कप्प्यात. वास्तविक जीव आणि परिसर यांच्या नात्याचे कुतूहल हे दोन्ही टप्प्यांना जोडणारे सूत्र आहे. माणसाचा कळप आणि वानराची टोळी यांच्याकडे पाहणारी माडगूळकरांची नजर एकच आहे : निर्विकार वाटणारी, पण आतून ममत्वाची.

'उजाड' या शब्दाची जबाबदारी

माणदेशाविषयी लिहिताना 'उजाड', 'ओसाड', 'भकास', 'रखरखीत' ही विशेषणे समीक्षालेखनात आणि वर्गातील अध्यापनात सर्रास वापरली जातात. साहित्याच्या चर्चेत ती निरुपद्रवी वाटतात. परंतु महसुली कागदपत्रांतील भाषा याहून फार वेगळी नाही. सातबाऱ्यावर 'पोटखराबा', सरकारी दप्तरात 'पडीक' आणि राष्ट्रीय नकाशासंग्रहात 'वेस्टलँड' अशा नोंदींखाली गवताळ प्रदेशांचे मोठे क्षेत्र गणले गेले. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले आणि २००० मध्ये पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. ज्याला पडीक म्हटले, ते काहीतरी करून उपयोगात आणावे, असे वाटणे स्वाभाविक होते. त्यातून गवताळ माळांवर ग्लिरिसिडियासारख्या परदेशी झाडांची लागवड झाली. सातारा-सांगली पट्ट्यातील माळांवर पवनचक्क्या आल्या. टेंभू उपसा सिंचन योजनेचे कृष्णेचे पाणी आटपाडी भागात पोहोचले आणि डाळिंबाच्या बागांनी त्या परिसराची ओळख बदलली.

यांतील प्रत्येक गोष्ट वाईट आहे, असे म्हणता येणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या तहानलेल्या प्रदेशाला पाणी मिळणे ही न्यायाची बाब आहे आणि बागेमुळे ज्यांच्या मुलांना शाळा-महाविद्यालय गाठता आले, त्यांच्यासमोर माळाचे गोडवे गाणे अप्रस्तुत आहे. मुद्दा वेगळा आहे. या बदलांचा हिशेब मांडताना माळाचे मूल्य शून्य धरले गेले. तेथे आधी काही होते आणि त्यावर माणसे जगत होती, याची नोंद खात्यावर नव्हती. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य घोषित झाले; तरीही हा पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ दिसेनासा झाला आहे. माळावरचा लांडगाही अडचणीत आहे. चराऊ वाटा कुंपणांनी तुटत आहेत. कोकणातील भातखाचरे बागांखाली जात आहेत. पुढच्या दुष्काळात निघायचे ठरविले, तर जायचे कोठे, हा प्रश्न मेंढपाळासमोर आज अधिक टोकदार आहे. दुष्काळ पूर्वीही होते. त्यांतून बाहेर पडण्याच्या वाटा कमी होत आहेत, हे नवे आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ प्रदेश आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले आहे. जगाच्या पातळीवर जी जाणीव आता होत आहे, तिचे बीज ७० वर्षांपूर्वीच्या एका लहानशा मराठी कादंबरीत होते. ते दृष्टीस पडले नाही, याचे एक कारण वाचनाची परिभाषा हे आहे. ज्या माळावर वाडीभर माणसे, त्यांची मेंढरे, देव, भांडणे आणि तालीम नांदली, त्याला 'उजाड' म्हणणे हे कादंबरीच्या पुराव्याविरुद्ध आहे.

निष्कर्ष

१. 'बनगरवाडी'त परिसर ही पार्श्वभूमी नाही. माळ, मेंढरू आणि माणूस यांचे परस्परावलंबन हे कथानकाच्या जडणघडणीचे तत्त्व आहे. शाळा न भरणे, तालीम उभी राहणे आणि वाडी ओस पडणे या तिन्ही घटनांचा उलगडा त्याच तत्त्वाने होतो.

२. साखळीतील एक जीव कमी झाल्यास त्याचा भार अन्य जिवावर, बहुधा समाजातील दुर्बल घटकावर पडतो. शेकूच्या बायकोचा प्रसंग याचे उदाहरण होय.

३. वाडीचे रिकामे होणे हे मास्तराच्या दृष्टीने अंत असले, तरी मेंढपाळ परंपरेच्या संदर्भात ते विविध परिसंस्थांच्या आधारे तगून राहण्याच्या पद्धतीशी जोडलेले आहे. त्यातील यातना मान्य करूनही हा अर्थ नाकारता येत नाही.

४. प्रथमपुरुषी निवेदनामुळे चक्राचा केवळ एक खंड वाचकासमोर येतो. समीक्षेने ही मर्यादा न ओळखल्यामुळे कादंबरीचे वाचन दुष्काळकथेपुरते सीमित राहिले.

५. समीक्षेची आणि अध्यापनाची भाषा जमिनीविषयीच्या सामाजिक धारणा घडविते. माळरानासाठी वापरल्या जाणाऱ्या विशेषणांचा फेरविचार करणे ही साहित्याच्या अभ्यासकांचीही जबाबदारी आहे.

'बनगरवाडी' महाविद्यालयीन वर्गात शिकविली जाते, तेव्हा समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या घरी आजही मेंढरे असतात. त्यांच्या आईबापांचा माळ पाठ्यपुस्तकाच्या टिपणांत 'भकास' म्हणून येतो की एक जिवंत, जाणतेपणाने राखलेली व्यवस्था म्हणून, हे शिकविणाऱ्याच्या शब्दांवर ठरते. या कादंबरीच्या पुनर्वाचनाची निकड त्यामुळे केवळ वाङ्‌मयीन राहत नाही.